लेखनाचं काम आणि आधी भरायची फी

घरबसल्या टायपिंग, लेखन, भाषांतर. महिन्याला पंधरा ते तीस हजार. अनुभवाची अट नाही. अशी जाहिरात बीड जिल्ह्यातल्या बहुतेक तरुणांच्या मोबाईलवर कधी ना कधी येऊन गेलेली असते. गेवराई, माजलगाव, केज, अंबाजोगाई, कुठलाही तालुका घ्या, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी ती पुढे पाठवलेली असते. दिलेल्या नंबरवर फोन केला की दोन-तीन वाक्यांतच पैशाचा विषय निघतो. कधी ४९९, कधी १,४९९, कधी तीन हजार. त्याला कधी नोंदणी म्हणतात, कधी आयडी चार्ज, तर कधी ‘काम पूर्ण झालं की परत मिळणारं डिपॉझिट’.

एम.ए. झालेल्या, मराठी तीस आणि इंग्रजी चाळीसची टायपिंग परीक्षा दिलेल्या, भरतीची वाट पाहून थकलेल्या मुलामुलींना त्या वेळी खरोखर प्रश्न पडतो, की भरावेत का हे पैसे? मी लेखन आणि भाषांतराच्या कामात असल्यामुळे हा प्रश्न माझ्यापर्यंत पोचत राहतो. माझं उत्तर ठाम आहे: काम मिळावं म्हणून पैसे भरू नयेत. पण नुसतं ‘भरू नका’ म्हणून भागत नाही. ऑनलाइन लेखनाच्या काही खऱ्या बाजारपेठाही उमेदवाराकडून थोडे पैसे घेतात आणि फसवणारे नेमकं त्यांचंच उदाहरण पुढे करतात. म्हणून हा व्यवहार आतून कसा चालतो ते पाहू.

मानधन कोणाच्या खिशातून?

कामाआधी पैसे भरायची सवय आपल्याला सरकारी भरतीने लावली आहे. २०२३च्या तलाठी भरतीत खुल्या प्रवर्गाला १,००० आणि राखीव प्रवर्गाला ९०० रुपये परीक्षा शुल्क होतं. जागा साडेचार हजारांच्या आसपास, अर्ज दहा लाखांहून जास्त. सरकारच एवढे पैसे घेतं, मग कंपनीने दीड हजार मागितले तर बिघडलं कुठे, असा सरळ हिशेब घरात मांडला जातो. बेरोजगाराच्या खिशातून ते शुल्कही जाऊ नये असं मला वाटतं. तरी एक फरक आहे. निवड झालेल्या तलाठ्याचा पगार उरलेल्या उमेदवारांच्या शुल्कातून होत नाही. तो राज्याच्या तिजोरीतून होतो. तेव्हा ऑनलाइन कामाबद्दल पहिला प्रश्न हाच विचारायचा: माझं मानधन कोणाच्या खिशातून येणार?

लेखन विकत घेणारं कुणीतरी असावं लागतं. पाठ्यक्रम मराठीत आणणारी ई-लर्निंग कंपनी असेल, ऑडिओ मालिका बनवणारं ॲप असेल, माहितीपत्रक मराठीत हवं असलेला बियाणं-खतांचा उत्पादक असेल. त्याला मजकुराची गरज असते, म्हणून तो पैसे मोजतो. मधला एजंट किंवा वेबसाइट त्यातला वाटा कापून घेते आणि उरलेलं लिहिणाऱ्याला मिळतं. या साखळीत मधल्याला कमवायचं असेल तर त्याला आधी ग्राहक शोधावा लागतो, मग चांगला लेखक शोधावा लागतो, मग मजकूर तपासून द्यावा लागतो.

आता दुसरी रीत पाहा. एखाद्या ‘कंपनी’ने महिन्यात दोनशे जणांकडून दीड-दीड हजार घेतले, तर तीन लाख रुपये जमले. यासाठी तिला ग्राहक लागत नाही, संपादक लागत नाही. दोन मोबाईल, काही सिमकार्डं आणि गोड बोलणारी दोन माणसं पुरेत. लेखन कुणी वाचलंच नाही तरी तिचं उत्पन्न कमी होत नाही. उलट कामाचे पैसे द्यावे लागले तरच तिचा तोटा. म्हणजे तुमचं काम नापास होण्यातच तिचा फायदा आहे. पुढच्या सगळ्या युक्त्या या एका गोष्टीतून निघतात.

बीडच्या वाचकाला हे ऊसतोडीच्या हिशेबाने लगेच कळेल. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात, त्याआधी मुकादम कोयत्याला, म्हणजे तोडणी करणाऱ्या जोडप्याला, आगाऊ उचल देतो. त्या उचलीने किती घरं बांधली गेली आहेत, ती फेडता फेडता किती जोडप्यांचे हंगामामागून हंगाम गेले, हे इथे कुणाला सांगायला नको. तिची भलामण मी करणार नाही. पण त्या कठोर व्यवहारातही पहिला पैसा मजुराच्या हातात पडतो, आणि मुकादमाचं कमिशन, जे जानेवारी २०२४च्या करारात वीस टक्के झालं, ते ऊस तुटल्यावर कारखान्याकडून येतं. ऑनलाइन टायपिंगवाला मात्र म्हणतो की मजुरानेच मुकादमाला उचल द्यावी, तीही फड दिसण्याआधी. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांच्या मुलाने ती दिली, तर जाणारे पैसे बहुधा आईबापांना मिळालेल्या उचलीतलेच असतात.

लेखकांच्या जगात ही गोष्ट जुनी आहे. अमेरिकन विज्ञानकथालेखक जेम्स डी. मॅक्डोनाल्ड यांनी नवोदितांसाठी नियमच करून ठेवला की पैसा लेखकाच्या दिशेने वाहिला पाहिजे. तो ‘यॉगचा नियम’ म्हणून ओळखला जातो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७च्या करार क्रमांक १८१ मधलं सातवं कलमही हेच सांगतं: खासगी रोजगार संस्थांनी कामगाराकडून थेट किंवा आडमार्गाने शुल्क घेऊ नये. भारताने तो करार स्वीकारलेला नाही, त्यामुळे आपल्याकडे त्याचा आधार घेऊन दाद मागता येत नाही. तत्त्व म्हणून मात्र ते पक्कं आहे.

फॉर्म भरण्याच्या कामाची रचना

सगळ्यात जास्त पसरलेला प्रकार टायपिंग आणि फॉर्म भरण्याचा आहे. तो नीट समजून घ्यायला हवा, कारण त्यात फी ही फक्त सुरुवात असते.

फोनवरची व्यक्ती ‘मॅडम’, ‘सर’ म्हणत अदबीने बोलते. आधार, पॅन आणि फोटो मागवते. मग शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्पपेपरसारखा दिसणारा करार मोबाईलवर येतो आणि त्यावर सही करून पाठवायची असते. मजकूर इंग्रजीत, दहा-बारा पानांचा. काम असं की चित्राच्या स्वरूपातली पानं पाहून ती पुन्हा टाइप करायची, किंवा सहा-सात दिवसांत हजारभर फॉर्म भरायचे. मोबदला वीस-पंचवीस हजार. अट एकच, नव्वद टक्के अचूकता. टायपिंगची परीक्षा दिलेल्या मुलीला वाटतं, नव्वद टक्के म्हणजे काहीच नाही.

आता गणित करू. एका फॉर्ममध्ये तीस रकाने आहेत असं धरा: नाव, पत्ता, पिनकोड, तारीख, कसला तरी लांबलचक क्रमांक. करारातल्या बारीक अक्षरांत म्हटलेलं असतं की एक रकाना चुकला तर पूर्ण फॉर्म चूक धरला जाईल. समजा ही मुलगी इतकी काळजीपूर्वक काम करते की हजार रकान्यांत तिच्या फक्त पाच चुका होतात. म्हणजे एक रकाना बरोबर येण्याची शक्यता ९९.५ टक्के. तीसही रकाने बरोबर येण्यासाठी ही शक्यता तीस वेळा स्वतःशीच गुणावी लागते, आणि उत्तर येतं सुमारे ८६ टक्के. हजार फॉर्मपैकी जवळजवळ एकशे चाळीस बाद. नव्वदची अट हुकली. उत्तम टायपिस्टही इथे नापास होते आणि तिला प्रामाणिकपणे वाटतं की आपलंच चुकलं. त्यात मूळ चित्रं मुद्दाम धूसर असतात. शून्य आहे की इंग्रजी ओ, एक आहे की एल, हे कुणालाच सांगता येऊ नये अशी. तपासणी कुणी केली, कशी केली, चुका कुठे झाल्या हे दाखवलं जात नाही. नुसता ‘क्वालिटी रिपोर्ट’ येतो.

त्यानंतर खरी वसुली सुरू होते. करारभंग झाला, कंपनीचं नुकसान झालं, पाच-सात हजार भरा नाहीतर कोर्टात या, अशी वकिलाच्या नावाची नोटीस व्हॉट्सॲपवर येते. वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का. घरी कळेल, गावात नाव जाईल या भीतीने पुष्कळ जण भरतात. पहिली फी माफ करणाऱ्या टोळ्याही आहेत. ‘आम्ही एक रुपयाही घेत नाही’ ही त्यांची जाहिरातच असते, कारण त्यांना पैसे या टप्प्यावर काढायचे असतात. म्हणून फी नाही म्हणजे काम खरं, असंही समजू नये.

कायद्याची बाजू इथे तुमच्याकडे आहे. १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या ७४व्या कलमानुसार करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी वाजवी भरपाईच मिळू शकते, तीही कोर्टाने ठरवल्यावर. फसवून सही घेतलेला करार १९व्या कलमाखाली रद्द ठरवून घेता येतो. काम नीट झालं नाही हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे, त्यासाठी पोलीस घरी येऊन कुणाला अटक करत नाहीत. आणि कोर्टाच्या कोणत्याही समन्सात ‘या यूपीआय नंबरवर संध्याकाळपर्यंत पैसे टाका’ असं लिहिलेलं नसतं. अशी नोटीस आली तर पैसे भरायचे नाहीत, फोनवर वाद घालत बसायचं नाही. नोटीस, करार, कॉलची नोंद जपून ठेवायची आणि पोलिसांत तक्रार द्यायची. अंबाजोगाईच्या किंवा बीडच्या कोर्टात ओळखीचे वकील असतील तर त्यांना एकदा दाखवायची; बहुतेक वेळा त्यांना कागद पाहताक्षणी कळतं.

आणखी एक कसोटी आहे, ती मला सगळ्यात भरवशाची वाटते. हे काम करून झाल्यावर त्याचा उपयोग कुणाला आहे? छापील पानाचा फोटो काढून त्यातली अक्षरं वेगळी करण्याचं काम आज साधा मोबाईल काही क्षणांत करतो, मराठीतही करतो. जे काम यंत्र जवळजवळ फुकट करतं त्यासाठी कोणती कंपनी एका आठवड्याचे पंचवीस हजार देईल? उत्तर सापडत नसेल तर ग्राहक नाही. ग्राहक नसेल तर पैसा तुमच्याकडूनच येणार.

मोठ्या प्रमाणावर घडलेलं

ही रीत छोट्या टोळ्यांपुरती नाही. २०१०च्या सुमारास स्पीक एशिया ऑनलाइन ही सिंगापूरमध्ये नोंदलेली कंपनी भारतात पसरली. वर्षाच्या सदस्यत्वाला ११,००० रुपये. बदल्यात आठवड्याला दोन सर्वेक्षणं भरायची, प्रत्येकी ५०० रुपये. वर्षाला बावन्न हजार! शिवाय नवा सदस्य आणला की बक्षीस. सुरुवातीला पैसे खरोखर मिळाले, आणि मिळालेल्यांनीच भावाला, मेव्हण्याला, शेजाऱ्याला आत आणलं. पण ही सर्वेक्षणं विकत कोण घेत होतं? ग्राहक म्हणून ज्यांची नावं सांगितली जात होती त्यांतल्या कंपन्यांनी संबंध नाकारले. २०११मध्ये पैसे थांबले आणि मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेचा तपास सुरू झाला. आरोप दोन हजार कोटींहून अधिक रकमेचा होता. जुन्या सदस्याचे आठवड्याचे हजार रुपये नव्या सदस्याच्या अकरा हजारांतून जात होते, असा तो आरोप.

फेब्रुवारी २०१७मध्ये नोएडात ‘सोशल ट्रेड’ उघडकीला आलं. ५,७५० ते ५७,५०० रुपये भरा आणि एका क्लिकला पाच रुपये मिळवा. लाखो लोक, सुमारे ३,७०० कोटी रुपये. हल्ली तेच टेलिग्रामवर चालतं. हॉटेलला रेटिंग द्या, व्हिडिओ लाइक करा, छोटा अभिप्राय लिहा. पहिल्या दिवशी दीडशे रुपये खरोखर खात्यात येतात. मग ‘प्रीपेड टास्क’: हजार भरा, तेराशे घ्या. तेही मिळतात. मग पाच हजार, वीस हजार, आणि पडद्यावर लाखभर रुपये दिसू लागतात. काढायला गेलं की आधी कर भरा म्हणतात. कराबाबत एवढं लक्षात ठेवा की टीडीएस मिळणाऱ्या रकमेतून कापला जातो, कामाचे पैसे सोडवण्यासाठी तो वेगळा भरावा लागत नाही. डिसेंबर २०२३मध्ये केंद्र सरकारने अशा टास्क आणि गुंतवणुकीच्या शंभराहून अधिक वेबसाइट बंद केल्या. नव्या उघडायला वेळ लागत नाही.

कंपनी नोंदलेली आहे का हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर फुकट पाहता येतं, जीएसटी क्रमांकही तपासता येतो. नोंद नसेल तर प्रश्नच मिटला. असेल तर मात्र त्यावरून काही सिद्ध होत नाही. ‘सोशल ट्रेड’मागची कंपनी नोंदलेलीच होती, आणि स्पीक एशियाही सिंगापूरमध्ये नोंदलेली होती.

खऱ्या बाजारपेठा काय घेतात

आता अवघड भाग. अपवर्क, फायव्हर, फ्रीलान्सर डॉट कॉम या जागा खऱ्या आहेत. तिथे जगभरचे लोक लेखन आणि भाषांतराची कामं देतात, आणि या तिन्ही जागा लिहिणाऱ्याकडून पैसे घेतात. मग फरक काय?

फायव्हरवर नाव नोंदवायला काही पडत नाही. काम मिळून पूर्ण झालं की ते वीस टक्के कापतात. हा वाटा जड आहे, पण तुम्ही कमावलं तरच त्यांना मिळतो. अपवर्कवर खातं फुकट, कमाईतून कमिशन, मात्र कामासाठी अर्ज करायला ‘कनेक्ट’ नावाचे टोकन लागतात. एक कनेक्ट सुमारे पंधरा सेंटला, आणि एका अर्जाला बरेच कनेक्ट जातात. दहा धरले तर एक अर्ज दीड डॉलरला, म्हणजे सव्वाशे रुपयांच्या पुढे. वीस अर्ज केले आणि एकही लागला नाही तर अडीच हजार गेले. ही कायदेशीर फी आहे, त्यात फसवणूक नाही, पण नवख्याच्या खिशाला ती फसवणुकीइतकीच लागू शकते. फ्रीलान्सर डॉट कॉमवर ठरीव रकमेचं काम स्वीकारताक्षणी शुल्क लागतं, ग्राहकाने नंतर पैसे दिले नाहीत तरी. हे दर आणि नियम वारंवार बदलतात. खातं उघडण्याच्या दिवशी त्यांच्याच पानावर वाचावेत, यूट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओवर विसंबू नये.

मला या जागांचा सगळ्यात महत्त्वाचा गुण वेगळाच वाटतो. ठरीव रकमेच्या कामात तिथे काम देणाऱ्याला काम सुरू होण्याआधी पैसे वेबसाइटकडे जमा करायला सांगतात. काम पोचलं, मान्य झालं की ते सुटतात. म्हणजे आधी पैसे ठेवायचे असतील तर ते काम देणाऱ्याने. ‘अपवर्कसुद्धा पैसे घेतं’ असं म्हणणाऱ्या एजंटला विचारा, तुमचा ग्राहक माझे पैसे आधी कुठे जमा करतो? आणि याच साइटवर कुणी ‘टेलिग्रामवर या, तिथे बोलू’ म्हणाला आणि सुरक्षा रक्कम मागू लागला, तर त्याच्याशी बोलणं तिथेच थांबवावं. साइटबाहेर गेलात की जमा रकमेचं ते संरक्षण उरत नाही.

बीडमध्ये बसून इंग्रजी लेखांच्या स्पर्धेत उतरणाऱ्या नवख्याने कनेक्ट विकत घ्यावेत का? माझ्या मते नाही. स्वस्त इंग्रजी मजकुराचं काम २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून आटत चाललं आहे, आणि तिथे केनियापासून फिलिपिन्सपर्यंतचे अनुभवी लोक रांगेत आहेत. मराठी स्पष्टपणे मागणाऱ्या कामाला मात्र अर्जदार कमी असतात. इंग्रजी-मराठी भाषांतर, उपशीर्षकं, यंत्राने केलेल्या भाषांतराची दुरुस्ती यांसाठी मोजके, विचारपूर्वक अर्ज करायला थोडा खर्च झाला तर तो धंद्याचा खर्च म्हणता येईल. तोही पहिली कमाई हातात आल्यावर, त्याच कमाईतून. १९९९पासून चालणाऱ्या प्रोझ या अनुवादकांच्या साइटचंही तसंच. साधी नोंदणी फुकट आहे, पैसे देऊन घ्यायचं सदस्यत्व ऐच्छिक. भाषांतर करून घेणाऱ्या एजन्सींबद्दल अनुवादकांनी नोंदवलेली मतं तिथे असतात. कोण पैसे वेळेवर देतं आणि कोण बुडवतं हे कळणं नवख्याला फार मोलाचं आहे. वर्षभर कामं केल्यावर सदस्यत्व घ्यायचं की नाही ते ठरवावं.

हिशेब नेहमी शब्दांत करून पाहावा. पंचवीस पैसे शब्द असा दर धरला, तर पाचशे शब्दांच्या लेखाचे सव्वाशे रुपये होतात. तीन हजारांची फी फेडायला असे चोवीस लेख लिहावे लागतील, बारा हजार शब्द, आणि तोवर हातात शून्य. एवढं लिहिण्याची तयारी असेल तर तेच कष्ट स्वतःच्या नमुन्यांवर खर्च करावेत. ते कुठल्याही फीशिवाय उपयोगी पडतात.

कोर्सचं काय, हेही लोक विचारतात. शिकण्यासाठी पैसे देणं आणि कामासाठी पैसे देणं या वेगळ्या गोष्टी आहेत. कोण शिकवणार, किती तास, लिहिलेलं कोण तपासून देणार हे स्पष्ट असेल तर कोर्स घ्यावा. ‘शंभर टक्के काम मिळवून देऊ’ हे वाक्य त्यात आलं की ती फी पुन्हा कामाची झाली. पुस्तक छापण्यासाठी पैसे देणंही वेगळं. मराठवाड्यातले कितीतरी कवी स्वतःच्या पैशाने संग्रह छापतात, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. तीनशे प्रती ठरतात, तीनशे घरी येतात. त्यातून उत्पन्नाचं आश्वासन कुणी देत नाही.

असंच काम, फीशिवाय

हाताने लिहिलेला मजकूर टाइप करण्याचं काम खरं असतं तेव्हा कसं दिसतं, याचं एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी पालघर जिल्ह्यातल्या अमले या आदिवासी गावात ग्रामस्थांकडून हस्तलिखित शब्द मोबाईलवर टाइप करून घेतले आणि त्याचे पैसे दिले. अभ्यास २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. काम करणाऱ्यांपैकी अनेकांना स्मार्टफोनचीही फारशी सवय नव्हती, तरी अचूकता चांगली आली. त्या प्रयत्नातून पुढे ‘कार्या’ ही संस्था उभी राहिली, जी भारतीय भाषांमधला आवाज आणि मजकूर गोळा करण्यासाठी ग्रामीण लोकांना मोबदला देते. या कामात एकाच्या चुकीवर संपूर्ण काम बाद करत नाहीत. तोच शब्द एकाहून अधिक जणांकडून टाइप करून घेतात आणि उत्तरं ताडून पाहतात. चुका होणार हे धरूनच पद्धत बांधलेली असते. वरच्या नव्वद टक्क्यांच्या सापळ्याशेजारी हे ठेवून पाहिलं की काम करून घ्यायची इच्छा असणारा आणि नसणारा यांच्यातला फरक कळतो.

मराठीत लिहून पैसे मिळण्याच्या बाकीच्या वाटा हळू आहेत, पण त्यांना प्रवेश फी नाही. प्रतिलिपीवर कथा प्रसिद्ध करायला लेखकाला पैसे द्यावे लागत नाहीत. ऑडिओ मालिकांना मराठी संहिता लागतात. बीडमध्ये आकाशवाणीचं केंद्र आहे, तिथेही लेखनाबद्दल विचारता येतं. कोणत्याही प्रकाशकाला किंवा भाषांतर एजन्सीला पाठवायला दोन-तीन स्वच्छ नमुने हाताशी हवेत: एका सरकारी पत्रकाचं सोपं मराठी, एका आरोग्यविषयक माहितीचं भाषांतर, स्वतःचा एक लेख. एजन्सी चाचणी म्हणून दोन-तीनशे शब्द फुकट मागतात, ते रास्त आहे. पाच हजार शब्दांची ‘चाचणी’ मागितली तर तीही एक प्रकारची आगाऊ फीच समजावी, फक्त ती श्रमांत घेतलेली.

पैसे गेले असतील तर

पहिला फोन १९३० या सायबर हेल्पलाइनला करायचा, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरायची. रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक जवळ ठेवावा. तो यूपीआय ॲपच्या इतिहासात असतो. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरवला जातो. तक्रार पहिल्या तास-दोन तासांत गेली तर मधल्या एखाद्या खात्यात तो गोठवता येतो. दोन दिवस लाजेपायी गप्प बसलं की बहुधा काही उरत नाही. मुलांनी घरी न सांगण्याचं कारण बहुधा ही लाज आणि ओरडा खायची भीती असते, म्हणून आईवडिलांनी पहिल्या तासात रागावू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बँकेकडून भरपाईची आशा फार धरू नये. रिझर्व्ह बँकेचा ६ जुलै २०१७चा नियम ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे, आणि इथे पिन तुम्ही स्वतः टाकलेला असतो. बँकेला तरीही लगेच कळवायचंच.

कोर्स किंवा ‘प्लेसमेंट सेवा’ म्हणून पावती देऊन पैसे घेतले असतील आणि कंपनीचा पत्ता खरा असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, आणि आधी सल्ला हवा असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

याच टोळ्या तरुणांना आणखी एक काम देतात: तुमचं बँक खातं महिनाभर वापरायला द्या, कमिशन घ्या. हे खातं पुढच्या माणसाच्या चोरलेल्या पैशाचा मधला थांबा बनतं. पोलीस माग काढत येतात तेव्हा पहिलं नाव खातेदाराचं निघतं, खातं गोठतं, आणि गुन्ह्यात सहभागाचा आरोप त्याच्यावर येतो. नोंदणीच्या वेळी आधार आणि पॅन दिलेलं असेल तर तेही तक्रारीत लिहावं, म्हणजे त्या कागदांवर उद्या कुणी खातं किंवा सिमकार्ड काढलं तर तुमची नोंद आधीची असेल.

तक्रार केल्यावर काही दिवसांनी कुणाचा तरी फोन येण्याची शक्यता असते. तो स्वतःला सायबर सेलचा माणूस किंवा वकील म्हणवतो, तुमची नेमकी रक्कमही सांगतो, आणि ती परत मिळवून देण्यासाठी दोन हजार ‘प्रोसेसिंग’ मागतो. १९३०वर, पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार देण्यासाठी आणि गोठवलेली रक्कम सोडवण्यासाठी पोलीस फी घेत नाहीत. फोन करणाऱ्याचा नंबरही मूळ तक्रारीत जोडावा.